घर बांधणारे हात : दहावीनंतर बांधकाम क्षेत्रातल्या करिअरच्या वाटा



दहावीची परीक्षा जवळ आली की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "अभ्यास कर, नाहीतर विटा वाहायला जावं लागेल." वर्गातही ते कधी गमतीनं, कधी रागानं बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याच वर्गात मागच्या बाकावर गवंड्याचा मुलगा बसलेला असतो. त्याला त्या वाक्यातून दोन गोष्टी कळतात. एक, आपल्या बापाचं काम म्हणजे शिक्षा. दुसरी, त्या कामात शिकण्यासारखं काही नसतं. पहिली गोष्ट मनाला लागते आणि दुसरी तर साफ चुकीची आहे. म्हणून आज घरबांधणीच्या क्षेत्राकडे एक करिअर म्हणून नीट पाहूया.

१) हे शिकण्याचं काम आहे

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली. तिथली बरीचशी घरं जाड दगडी भिंतींची होती आणि वर मातीचं जड माळवद होतं. दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसला तशा भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

आता विचार करा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणं, कोपरे एकमेकांत गुंतवणं, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा देणं, ही कामं शेवटी कोणाच्या हातून होतात? नकाशा इंजिनिअर काढतो, पण दगड मिस्त्रीच ठेवतो. त्याला 'का' हे माहीत असेल तर घर उभं राहतं. हे 'का' शिकवावं लागतं.

दुसरं साधं उदाहरण घ्या. स्लॅबवर पाणी का मारायचं? अनेकांना वाटतं, सिमेंट वाळून घट्ट होतं. खरं तर सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ताकद येते. म्हणून काँक्रीट किमान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे विज्ञान ज्याला कळलं, तो कोणी न सांगता पाणी मारतो.

२) एका घरामागे किती व्यवसाय?

मुलांना विचारा, "घर कोण बांधतं?" उत्तर येतं, "बिल्डर!" मग फळ्यावर यादी करायला लावा. जमीन मोजणारा सर्व्हेअर, आर्किटेक्ट, नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, स्ट्रक्चरल इंजिनिअर, साइट इंजिनिअर, सुपरवायझर, गवंडी, सळई बांधणारा, सेंट्रिंगवाला, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाइल्स बसवणारा, वॉटरप्रूफिंगवाला, रंगारी, मालाचा हिशेब ठेवणारा. यादी सहज वीसच्या वर जाते. यातली काही कामं दहावीनंतर वर्ष-दोन वर्षांच्या शिक्षणावर मिळतात, काहींना पाच वर्षं लागतात. म्हणजे नव्वद टक्केवाल्या मुलीसाठीही इथं जागा आहे आणि काठावर पास झालेल्या मुलासाठीही.

३) शिडी कशी चढायची?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. बांधकामात शिडी आहे, पण ती सगळ्यांना सापडत नाही.

शाळा सोडून थेट मजूर अड्ड्यावर उभा राहणारा मुलगा बिगारी म्हणून लागतो. तो बघून बघून शिकतो, पाच-सहा वर्षांत मिस्त्री होतो. हात उत्तम असतो, पण हातात कागद नसतो. नकाशा वाचता येत नाही, मोजमापाचं बिल करता येत नाही. मग त्याची हजेरी थोडीफार वाढते, पण सुपरवायझर म्हणून दुसराच कोणीतरी येतो. कौशल्य असूनही हा मुलगा तिथंच अडकतो.

त्याच मुलानं पहिली दोन पावलं वेगळी टाकली तर चित्र बदलतं.

• आयटीआय : गवंडी, प्लंबर यांसारखे कोर्स एक वर्षाचे, तर इलेक्ट्रिशियन, वायरमन, ड्राफ्ट्समन सिव्हिल हे दोन वर्षांचे. काही कोर्सना आठवी पास चालतं, काहींना दहावी लागते. त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका नक्की वाचा.

• शिकाऊ उमेदवारी : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली प्रत्यक्ष कामावर शिकता येतं आणि विद्यावेतनही मिळतं. शिकत असतानाच घरी चार पैसे येतात, हे पालकांना आवर्जून सांगा.

• डिप्लोमा : दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा करता येतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना अटी पूर्ण होत असतील तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमानंतर तसाच पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमावाल्यांना कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षाही देता येतात.

• आर्किटेक्चर : बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असावं लागतं, नाटा परीक्षा आणि मग पाच वर्षांचं शिक्षण.

• आधीच काम करणाऱ्यांसाठी : अनुभवातून आलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनांत आहे.

म्हणजे आयटीआयला गेलेल्या मुलाची दारं बंद होत नाहीत. गवंडीकामातून सुरुवात करूनही पुढे स्वतःची ठेकेदारी करता येते. त्यासाठी मात्र हिशेब, दरपत्रक, करार वाचणं आणि थोडा संगणक यावा लागतो. शाळेतलं गणित आणि भाषा इथं रोज लागतात.

चांगल्या हातांची गरजही वाढते आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार घराचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला, तर तो बिल्डरला स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावा लागतो. गळणारं बाथरूम आता बिल्डरच्या खिशाला लागतं, म्हणून शिकलेल्या प्लंबरला किंमत येते.

४) जे आहे ते लपवू नका

हे काम उन्हातलं आहे, धुळीचं आहे, उंचीवरचं आहे. अपघात होतात. पावसाळ्यात कामं मंदावतात. पैसे अडकवणारे ठेकेदारही भेटतात. मुलांना हे आधीच सांगा आणि त्याबरोबर हक्कही सांगा. हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट मागणं हा भित्रेपणा नाही. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यात मुलांच्या शिक्षणासाठीही मदत आहे. आपल्या वर्गातल्या किती पालकांची नोंदणी झाली आहे, हे वर्गशिक्षकांनी एकदा विचारून पाहावं.

५) मुलींचं काय?

साइटवर बायका दिसतात, पण बहुतेक डोक्यावर घमेलं घेऊन. थापी त्यांच्या हातात क्वचितच येते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात शौचालयं बांधण्यासाठी गावातल्या बायकांना गवंडीकाम शिकवलं गेलं. 'राजमिस्त्री'च्या जोडीला तिथं 'रानी मिस्त्री' हा शब्द रुळला. मग आपल्या मुलींना ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रिशियन, सर्व्हेअर ही नावं का सुचवू नयेत?

६) वर्गात करून पाहा

• काटकोन : मैदानावर दोरीनं एक बाजू ३ फूट, दुसरी ४ फूट घ्या. तिरकी बाजू बरोबर ५ फूट भरली की कोपरा काटकोनात. गवंडी पाया आखताना हेच करतो. पायथागोरसचं प्रमेय मुलं विसरणार नाहीत.

• विटांचा हिशेब : गाऱ्यासकट एक वीट २० × १० × १० सेंमी धरली तर एका घनमीटरला ५०० विटा लागतात. ३ मीटर लांब, ३ मीटर उंच, २० सेंमी जाड भिंतीला किती? (उत्तर : ९००) मग गावातली वीट मोजून पुन्हा हिशेब करायला लावा.

• पाण्याची नळी : पारदर्शक नळीत पाणी भरून व्हरांड्याच्या दोन टोकांची पातळी तपासा.

• १५ सप्टेंबर, अभियंता दिन : सर विश्वेश्वरय्यांची माहिती सांगाच. त्या दिवशी एक इंजिनिअर आणि गावातला एक जुना मिस्त्री, दोघांनाही बोलवा आणि एकाच ओळीत खुर्च्या मांडा. मिस्त्रीला ओळंबा कसा धरायचा ते दाखवायला सांगा. पाहुणा एखाद्या विद्यार्थ्याचे वडील असतील तर फारच उत्तम.

७) पालकांसाठी तीन प्रश्न

कोर्स निवडताना संस्थेला विचारा : प्रात्यक्षिकं खरोखर होतात का? प्रमाणपत्र कोण देतं? मागच्या बॅचची मुलं आज कुठं काम करतात? आणि मुलाला एवढंच विचारा, "तुला हातानं काही घडवायला आवडतं का?" उत्तर 'हो' असेल तर ते दुय्यम समजू नका.

शिक्षकांना एक विनंती. निकालानंतर प्रवेशाची घाई सुरू होते, तेव्हा कोणी शांतपणे ऐकत नाही. त्याआधीच एक पालकसभा या विषयावर घ्या, जवळच्या आयटीआयमधल्या निदेशकांना बोलवा आणि नववी-दहावीच्या मुलांना तिथली कार्यशाळा एकदा दाखवून आणा.