खोपटच्या कोंडीत डोकं तापलं तर

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी आगारासमोर संध्याकाळी भांडण जुंपायला फार मोठं कारण लागत नाही. एसटी वळण घेत बाहेर पडते, रिक्षा मधेच तोंड घालते, स्कूटरचा आरसा कुणाला तरी घासतो आणि क्षणात शिवी तोंडातून गेलेली असते. राग येऊ द्यायचा नाही, असं ठरवून चालत नाही. आलेल्या रागात हात आणि जीभ आवरणं मात्र शिकता येतं, आणि ते प्रत्येकाने शिकायलाच हवं.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग हायपोथॅलॅमसला इशारा देतो. स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूतल्या याच हायपोथॅलॅमसला हलका विद्युतप्रवाह दिला, तेव्हा शांत मांजर केस फुलवून, फिस्कारत अंगावर आलं. त्यांना १९४९ साली नोबेल मिळालं. इशारा पोचताच अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. ठोके वाढतात, स्नायू ताठतात. परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग तेवढ्यापुरता मागे पडतो. अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो. आपल्याला तेवढीच मिनिटं काढायची आहेत.

तयारी घरातूनच सुरू होते. अपुरी झोप, रिकामं पोट आणि उकाडा यांनी माणूस लवकर पेटतो. डबा खायचा राहिला असेल तर निघण्याआधी दोन घास खा, पाणी प्या. दारू घेतली असेल तर गाडीला हातच लावू नका.

मग स्वतःची खूण ओळखा. कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाची हँडलवरची मूठ घट्ट होते. ती खूण दिसली की जागच्या जागी श्वासाकडे वळा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत सावकाश बाहेर. लांब उच्छ्वासाने व्हेगस चेतातंतू हृदयाची गती खाली आणतो. डोळे उघडे आणि रस्त्यावरच ठेवा. असे दहा श्वास घ्या. तीन-चारांत सोडून दिलंत तर उपयोग होत नाही.

या वेळात हेल्मेट काढू नका, गाडीवरून उतरू नका. माझ्या मते सगळ्या कृतीत हीच पायरी सर्वांत मोलाची, कारण माणूस स्टँड लावून उतरला की मागे फिरणं त्याला कमीपणाचं वाटतं. कुणाला लागलं असेल तर मात्र लगेच उतरा आणि मदत करा.

बोलायचंच झालं तर आवाज खाली ठेवून एकच वाक्य बोला: “दादा, आरसा घासलाय, बाजूला घेऊन बघूया.” समोरचाच खवळला असेल तर हातभर अंतराबाहेर, जरा तिरके उभे राहा आणि तळवे दिसू द्या. त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरून शूटिंग करू नका.

घरी पोचल्यावर ‘राग बाहेर काढायचा’ म्हणून उशीवर गुद्दे मारू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक निघाले. मुकाट बसा, अंघोळ करा, मुलांशी दुसरं काही बोला. घडलेला प्रसंग तिखटमीठ लावून तीनदा सांगितलात, तर अंगातला राग तीनदा ताजा होतो.

ही कृती रस्त्यावरच्या प्रसंगापुरती आहे. राग रोजचाच असेल, घरात वस्तू फुटत असतील, बायकोमुलांवर हात उगारला जात असेल, तर श्वास मोजून भागणार नाही. उपचार घ्यावे लागतील. त्यात लाज कसली? ठाण्यात १९०१पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही आहे. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येतं. आणि मार खाणारी व्यक्ती तुम्ही असाल, तर समोरच्याला शांत करत बसू नका; ११२ला फोन लावा.