पाण्याची पाळी आणि शेजाऱ्याचा हक्क

कालव्याचे आवर्तन आणि पाण्याची पाळी हे शब्द परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या गावात लहान मुलांनाही ठाऊक असतात. पवित्र कुरआनात हीच ‘पाळी’ एका संपूर्ण कौमची कसोटी ठरली आहे. हजरत सालेह (अ.) यांनी समूद कौमला बजावले होते की एक दिवस पाणी उंटिणीचे, एक दिवस तुमचे (सूरह शुअरा, 26:155). एका मुक्या जनावराचा वाटा त्यांना सहन झाला नाही. उंटिणीवर हात उचलणारा एकच होता (54:29), तरी तो गुन्हा साऱ्या कौमच्या नावावर लिहिला गेला (91:14). कारण बाकीच्यांची त्याला संमती होती.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. या भेगा बांध ओळखत नाहीत. म्हणून आपण अधिक खोल बोअर घेतो, तेव्हा अनेकदा नवे पाणी सापडत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी आपल्याकडे ओढले जाते. आधी विहीर आटते, मग भावकीतला बोलाचाली थांबतो. 2016 साली लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम 144 लावावे लागले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. जमीन आणि समुद्रात माजलेला बिघाड ही माणसांच्याच हातांची कमाई आहे, हा सूरह रूमचा (30:41) इशारा येथे लागू पडतो.

शरीअतचा निवाडा काय? हनफी फिकहनुसार भांड्यात भरलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे होते. विहिरीच्या पाण्यावर मात्र तहानलेल्या माणसाचा आणि जनावराचा हक्क राहतो. सिंचनासाठी मालकाची परवानगी लागते. तहानेसाठी त्याने अडवणूक करू नये.

सहीह बुखारीत हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी शेजाऱ्याचा पाटाच्या पाण्यावरून झालेला वाद आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम सलोख्याचा मार्ग सुचवला: आपली बाग भिजवावी आणि पाणी पुढे सोडावे. शेजाऱ्याने तो मानला नाही, तेव्हाच त्यांनी जुबैर (रजि.) यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला. म्हणजे हक्काची शेवटची रेघ ओढण्यापूर्वी मन मोठे करण्याची संधी असते. राज्याच्या 1993 च्या भूजल कायद्यानेही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत विनापरवानगी विहीर घेण्यास मनाई केली होती. परंतु दोन बांधांमधले अंतर कायद्याआधी अंतःकरण मोजते.

म्हणून बोअर घेण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोला. मशिदीच्या छताचे पाणी जमिनीत मुरवा, वजूचे पाणी झाडांना द्या. प्रेषित (स.) एका ‘मुद’ने, म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर पाण्यात वजू करीत, आपला नळ किती वेळ वाहतो, ते पाहा. उन्हाळ्यात जनावरांचा हौद कोरडा ठेवू नका. त्या उंटिणीची पाळी आजही संपलेली नाही.

अल्लाह आपल्याला दुसऱ्याचा वाटा ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.