बाजीरावाचं पाणी

‘‘नाही जगला तर दुसरा न्या ना मॅडम, शंभर रुपयाला आहे. फायटरसाठी कोण एवढं करतं?’’

दुकानदाराने हे मोबाइलवरची नजर न उचलता सांगितलं. समोर प्रस्तुत लेखिका, तिच्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात एका कुशीवर कलंडलेला बाजीराव आणि शेजारी सात वर्षांचा मुलगा. ‘दुसरा न्या’ हे त्याने स्वच्छ ऐकलं. (घडलं ते स्वतःच्याच घरात, पण ‘मी’ म्हणून सांगायला अजून जीभ रेटत नाही, तेव्हा ‘लेखिका’च बरी.) परतताना रिक्षात मुलाने एकच विचारलं, शंभर रुपयांत किती पेन्सिली येतात.

बाजीराव घरी आला तो रिटर्न गिफ्ट म्हणून. नोव्हेंबरातला वाढदिवस, पंधरा मुलं, पंधरा प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येकीत ओंजळभर पाणी आणि एक फायटर. आपला निळा, शेपटीला लाल झाक. पुण्यातल्या मुलाने लढवय्या माशाचं नाव दुसरं काय ठेवायचं? अशा भेटीची पुढे चौकशी करायची नसते. लेखिकेने केली. डिसेंबरच्या मध्याला पंधरातले चार उरले होते.

बाऊल, रंगीत गोट्या, प्लास्टिकचं झुडूप आणि दाण्यांची डबी ही खरेदी त्याच स्टेशनाजवळच्या दुकानातली. ‘‘फिल्टर लागेल का?’’ असं तिने विचारलं होतं, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. ‘‘नाही हो, हा हवेतून श्वास घेतो, गटारातसुद्धा जगतो,’’ हे उत्तरही नोंदवायला हवं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानेच घात केला.

फायटरच्या कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा घड्या पडलेला एक अवयव असतो. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेऊ शकतो आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो. मूळचा हा थायलंडचा. तिथली भातखाचरं, दलदली, संथ कालवे हे त्याचं घर. पाणी उथळ असतं हे खरं, पण आपल्या मावळातल्या खाचरासारखंच ते पसरलेलं असतं, उन्हाने कोमट झालेलं असतं आणि झाडापाल्याने भरलेलं असतं. कडक उन्हाळ्यात खाचर आटून डबकं उरतं, त्यात तो काही दिवस काढतो. त्या काही दिवसांचं दुकानदारांनी ‘याला बाऊल पुरतो’ करून टाकलं. गंमत म्हणजे हा मासा शास्त्राच्या नोंदीत शिरला तोही हिंदुस्थानातल्या एका नोकरदारामुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॅनिश डॉक्टर थिओडोर कँटर यांनी 1849 साली त्याच्यावर लिहिलं. ‘बेटा स्प्लेंडेन्स’ हे आजचं नाव मात्र 1910चं, चार्ल्स टेट रीगन यांनी दिलेलं. थायलंडने 2019 साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. जंगली फायटर तिथे आता असुरक्षित प्रजातींत मोडतो. आपण त्याला पिशवीत घालून, वर रिबन बांधून वाटतो.

तर, पहिले तीन आठवडे ठीक गेले. मग बाजीरावाच्या शेपटीची कड उदबत्तीने जाळल्यासारखी काळपट दिसू लागली. पर अंगाशी मिटून तो तळाशी बसायचा. दाणा तोंडात घेऊन थुंकायचा. सासूबाईंनी हळद सुचवली. त्यांना निदान जखम तरी दिसली होती. दुकानदाराने फोनवर लक्षणं पुरती न ऐकताच निळं औषध सांगितलं, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. ते घातलं. बाऊल शाईची दौत झाला, ओटा निळा, बोटं निळी. तीन दिवसांनी पिवळं औषध. मग ‘‘पाणी रोज बदलता का? पूर्ण बदलत जा, गोट्या धुऊन.’’

लेखिकेने हयगय केली नाही. रोज सकाळी डबा भरून मुलगा शाळेत गेला की बाजीरावाला चहाच्या गाळणीने पेल्यात काढायचं, बाऊल भांड्यांच्या साबणाने लख्ख घासायचा, गोट्या चोळून धुवायच्या, नळाखाली धरून बाऊल काठोकाठ भरायचा आणि त्याला परत आत सोडायचं. नऊ दिवस. शेपटी अर्धी झाली. दहाव्या दिवशी ती श्रीखंडाचा डबा घेऊन दुकानात गेली, आणि तिथे काय झालं ते वर आलंच आहे.

त्याच रात्री विरजण लावायचं होतं. डिसेंबरात पुण्याचा पारा रात्री 10-12 अंशांपर्यंत उतरतो. अशा दिवसांत दही लागावं म्हणून घरोघरी बायका काय काय करतात! दुधात करंगळी बुडवून ऊब पाहतात, भांडं पंचात गुंडाळतात, डाळीच्या डब्यात लपवून ठेवतात. लेखिकेनेही दुधात करंगळी घातली, ठीक वाटलं, विरजण ढवळलं. हात धुवायला वळली तर सिंकच्या कडेला बाऊल. का कोण जाणे, तीच करंगळी तिने त्यात घातली.

पाणी गार होतं. गच्चीवरच्या टाकीचं असतं तसं, नको वाटावं इतकं गार.

पंधरा वर्षं ही बाई थंडीत दह्याच्या जिवाणूंना शाल पांघरत आली, आणि एका जित्या जीवाला रोज सकाळी बर्फासारख्या पाण्यात सोडत होती. शिवाय ‘आपण किती करतोय त्याच्यासाठी’ असं मानत होती. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर आणला. सकाळी सात वाजता पाणी 17 अंश. फायटरला लागतं 24 ते 28. मासा स्वतःचं अंग तापवू शकत नाही. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं शरीर. गारठ्यात त्याचं पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती ढेपाळते, आणि पाण्यात एरवीही असणारे जिवाणू मग शेपटी कुरतडतात. सेल्समनला हे ठाऊक नसेल असं समजायला लेखिका तयार आहे. वीस वर्षं मासे विकणाऱ्या मालकाला ठाऊक नसेल, असं समजायला ती तयार नाही.

थंडी हा निम्मा भाग. उरलेला निम्मा चौथ्या मजल्यावरच्या काकांनी दाखवला. त्यांच्याकडे आठ वर्षं जुना गप्पींचा टँक आहे आणि पाणी तपासायच्या थेंबांचा संच. त्यांनी बाजीरावाचं पाणी एका नळीत घेऊन थेंब टाकले. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहायला हवा. झाला गडद हिरवा. आदल्या दिवशी बदललेलं, काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी! मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेला दाणाही कुजून तेच करतो. त्याला रंग नाही आणि एवढ्याशा प्रमाणात वासही नाही. दोन लिटरमध्ये तो साठायला वेळ लागत नाही, आणि कल्ले, पर त्यानेच भाजतात. मुरलेल्या टँकमध्ये काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच; नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे जिवाणू स्पंजवर, गोट्यांवर, काचेवर वसतात. म्हणजे रोज सकाळी साबण लावून लेखिका कोणाला धूत होती ते आलं लक्षात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यात वरकड, आणि निळं औषधही या जिवाणूंच्या मुळावर येणारंच.

‘‘दही लावतेस ना? तेच आहे हे. विरजण लागतं,’’ असं म्हणत काकांनी त्यांच्या फिल्टरचा काळाकुट्ट स्पंज बादलीत पिळला आणि ते गढूळ पाणी पिशवीत बांधून दिलं. नवा टँक आपोआप मुरायला चार ते सहा आठवडे घेतो. अशा विरजणाने ते लवकर होतं. मात्र ज्याचे मासे ठणठणीत आहेत त्याच्याकडूनच घ्यावं, नाहीतर रोगही उसना येतो. (काकांनी पिशवी दोनदा परत मागितली.)

मग जे केलं ते असं. 20 लिटरचा, उंचीपेक्षा लांबीला जास्त असा टँक. त्यावर झाकण, कारण फायटर उडी मारतो. पण पाणी आणि झाकण यांत दोन बोटं हवा, कारण त्याला वर येऊन श्वास घ्यायचा असतो. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, कॉक पिळून अगदी हळू केलेला. लांब शेपटीच्या फायटरला जोराच्या प्रवाहात पोहता येत नाही, तो थकतो. थर्मोस्टॅटचा 25 वॉटचा हीटर, 26 अंशांवर. ही ऊब एका दमात द्यायची नाही. लेखिकेने दिवसाला दोन अंश चढवले. हात घालण्याआधी आणि पाणी उपसण्याआधी हीटरचं बटण बंद करून पिन काढायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं; एक हीटर तडकल्यावर कळलं.

पाणी पूर्ण बदलायचं नाही. पहिले तीन आठवडे रोज चौथा हिस्सा, थेंबांनी तपासून; आता आठवड्यातून एकदा. नवं पाणी आधी बादलीत घेऊन अँटिक्लोरीनचे थेंब, मग थोडं गरम पाणी मिसळून टँकइतकंच कोमट करायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, यात तडजोड नाही. स्पंज नळाखाली कधीही धुवायचा नाही, टँकमधून उपसलेल्या पाण्यातच पिळायचा. साबण तर त्या बादलीच्या आसपासही नको.

दाणे तीन सकाळी, तीन संध्याकाळी. फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं मोजमाप सांगतात, ते बरं पडतं. तो मुळात किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा, तेव्हा पोळीचे तुकडे, भाताची शितं टाकून त्याला प्रसाद देऊ नये. पाहुण्यांना हे सांगावं लागतं.

आणि देशी बदामाचं पान. हे वाचून लेखिकेला नव्याने संताप आला होता, कारण याची दहा पानं पाकिटात घालून विकतात, आणि ते झाड मुलाच्या शाळेच्या फाटकापाशीच उभं आहे. थंडीत लालभडक पानांचा सडा असतो त्याच्याखाली. आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं, फवारणी न झालेल्या झाडाचं पान धुऊन टाकायचं. पाणी चहाच्या रंगाचं होतं. फायटरची पैदास करणारे आग्नेय आशियात ते वापरत आले आहेत. त्यातल्या टॅनिनमुळे जिवाणूंना थोडा आळा बसतो. थोडाच. गार, अमोनियाने भरलेल्या पाण्यात पान टाकून काही होत नाही. मिठाचा उपायही बरेच जण सांगतात. लेखिकेला त्याची गरज पडली नाही, म्हणून ती त्यावर बोलत नाही.

दोन आठवड्यांत शेपटी कुरतडायची थांबली. तिसऱ्या आठवड्यात कडेला पांढुरकी, पारदर्शक झालर दिसली आणि लेखिकेचा धीर सुटला. सवयीने तिने त्याच दुकानात फोटो पाठवला. उत्तर एका ओळीत: ‘बुरशी आहे, निळं औषध टाका.’ या वेळी तिने काकांना वर बोलावलं. काकांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. नवा पर असाच बिनरंगाचा येतो, रंग मागाहून भरतो. बुरशी कापसासारखी फुगीर असते. म्हणजे बऱ्या होत चाललेल्या माशाला पुन्हा औषध पाजायचा सल्ला होता तो, आणि दोन महिन्यांपूर्वी लेखिकेने तो निमूट पाळला असता.

औषधं कधीच लागत नाहीत असं नाही. कूज शेपटी ओलांडून अंगाला भिडली, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके किंवा सोनेरी भुकटी दिसली, खवले उभे राहून मासा फुगला, तर नुसत्या चांगल्या पाण्याने भागत नाही, जाणकार गाठावाच लागतो. आणि औषध वेगळ्या भांड्यात द्यावं, मुरलेल्या टँकमध्ये नाही. बाकी, घेण्याआधी वाचा, चौकशी करा, घाई करू नका, हे सगळे सांगतात. लेखिकेलाही कोणीतरी सांगितलं असेल. पण मासा पिशवीतून हातात आल्यावर वाचायला कोणाला वेळ होता? दुकानदाराला फक्त एक विचारा: तुमच्या स्वतःच्या टँकचं तापमान किती? त्याने थर्मामीटरकडे पाहिलं तर थांबा, छताकडे पाहिलं तर निघा.

2017 साली केंद्र सरकारने काढलेल्या नियमांत मासे बाऊलमध्ये ठेवण्याला मनाई होती. पुढे ते नियम मागे घेतले गेले. त्या दुकानात प्लास्टिकच्या पेल्यांतले फायटर अजूनही फळीवर रांगेने आहेत, थंडीत, दरवाज्याच्या बाजूला.

बाजीराव आहे. शेपटीची डावी कड वाकडी आली आहे, लाल झाक पूर्वीइतकी भरली नाही. बाऊल ओट्यावरच आहे, त्यात लसूण ठेवतात. आणि लेखिकेची सोसायटीतल्या सगळ्या आईबाबांना एवढीच विनंती आहे की येत्या वाढदिवसांना मासे वाटू नका. शंभर रुपयांत पेन्सिलींची दोन पाकिटं येतात. मुलाने हिशेब करून ठेवला आहे.