मोगऱ्याची छाटणी



पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत भात-नाचणीची कामे आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. मुलेही सोबत जातात आणि त्यांची शाळा बुडते. म्हणून या अंकातील पाठासाठी मी मोगरा निवडला आहे. हे झुडूप मार्चपासून पावसापर्यंत, म्हणजे गावात काम नसते नेमके त्याच दिवसांत, फुलते.

लागवड : पाऊस सुरू झाला की दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवावे. खड्ड्यात कुजलेले शेणखत व माती भरून मुळ्या फुटलेले कलम लावावे. जागा उन्हाची व निचऱ्याची हवी. पाणी साचले की मुळे कुजतात.

छाटणी : इथेच आपण चुकतो. मी स्वतः चुकले. माझ्या अंगणातली चार झाडे हिरवीगार होती, म्हणून मी त्यांना कात्री लावली नाही. उन्हाळ्यात पानेच पाने आली, कळ्या मात्र ओंजळभरही नाहीत. पुढच्या वर्षी पाड्यावर छाटणी शिकवायला गेले, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “ताई, जितं झाड कापायचं? पाप नाही का लागणार?” मी त्यांना माझ्या चार झाडांची गोष्ट सांगितली. त्यांनी अर्धी झाडे छाटली, अर्धी तशीच ठेवली. एप्रिलमध्ये मला काहीच समजावावे लागले नाही.

मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. म्हणून नोव्हेंबरमध्ये पाणी तोडावे व झाडाला विश्रांती द्यावी. डिसेंबरअखेर जमिनीपासून दीड फुटावर छाटावे, वाळक्या फांद्या काढाव्यात. मग आळे करून शेणखत घालावे, पाणी सुरू करावे आणि बुंध्याशी भाताचा पेंढा पसरावा, म्हणजे ओल टिकते.

तोडणी : बाजारात भाव मिळतो तो मिटलेल्या, टपोऱ्या, पांढऱ्या कळीला. उमललेले फूल मागे पडते. म्हणून तोडणी पहाटेच उरकावी व कळ्या ओल्या फडक्यात ठेवाव्यात.

पहिल्या वर्षी मोठ्या कमाईची आशा धरू नये. चांगली फुले यायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर मधल्या जागेत भाजी घ्यावी. पावसाळ्यात खालची फांदी वाकवून मातीत दाबली की तिला मुळ्या फुटतात. हे दाब कलम शेजारणीला द्यावे.

द्राक्षवेलाच्या छाटणीचा दाखला आपण प्रार्थनासभेत अनेकदा ऐकतो. त्या मावशींच्या अंगणात मला तो खरा कळला. यंदा त्या वीटभट्टीवर गेल्या नाहीत. त्यांची नात वर्गात आहे.

गटात चर्चेसाठी : आपल्या अंगणात कोणते झाड केवळ दयेपोटी छाटायचे राहिले आहे?