मिश्रजात हंस व बदके कशी ओळखावीत?

ठाण्याच्या खाडीतील चिखलवट, कल्याणजवळील उल्हास नदीचा काठ व डोंबिवलीच्या आसपासची पाणथळ जागा, येथे दरवर्षी हिवाळ्यात जलपक्ष्यांचे थवे उतरतात. खाडीच्या काही भागास २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, व २०२२ साली त्याची गणना रामसर स्थळांत झाली. थव्यात एखादा पक्षी इतरांहून निराळा दिसला की पाहणारा झटकन म्हणतो, "हा मिश्रजात असावा!" हे अनुमान केव्हा खरे व केव्हा फसवे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

दोन भिन्न जातींच्या नरमादीपासून झालेल्या संततीस मिश्रजात म्हणतात. खेचर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. खेचरास सहसा संतती होत नाही. हंसांचे मात्र तसे नाही. युरोपातील पाळीव हंस कलहंसापासून निपजला, तर चोचीच्या मुळाशी गाठ असलेला चिनी हंस निराळ्याच जातीपासून. या दोहोंच्या संकरापासून झालेल्या पक्ष्यांनाही पिले होतात. चार्ल्स डार्विन याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथात, ईटन नामक गृहस्थाने अशा संकरज जोडीपासून एकाच घरट्यातून आठ पिले मिळविल्याचे नमूद केले आहे. इतकेच नव्हे, तर हिंदुस्थानात अशा हंसांचे कळपच्या कळप पाळले जातात, असे ब्लिथ व कॅप्टन हटन या जाणत्या गृहस्थांनी कळविल्याचेही तो सांगतो. म्हणजे हा विषय आपल्या देशास परका नाही.

रानटी हंसांपैकी पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो व महाराष्ट्रात उजनी, जायकवाडी अशा जलाशयांवर दिसतो. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे असतात. कलहंस अंगाने अधिक भरदार, चोच गुलाबी व डोके पट्ट्यांवाचून. आता एखाद्याचे शरीर कलहंसाचे, पण डोक्यावर पुसट, तुटक पट्टे असतील, तर संकराची शंका रास्त ठरते. मिश्रजाताची खूण हीच, की त्यात दोन्ही कुळांची लक्षणे मिसळलेली आढळतात.

आपल्या तळ्यांवर हंसांपेक्षा बदकेच अधिक. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे व मुळाशी तांबडे ठिपके असतात. नावाचे मूळ त्यातच आहे. बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड जातीपासून झालेली असून त्यांच्या नराच्या शेपटीवर वर वळलेली पिसे असतात. पिवळे टोक व वळलेली पिसे एकाच पक्ष्यात दिसली, तर तो नीट न्याहाळावा.

तथापि, मिश्रजात म्हणण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, वय. गुलाबी रोहितांच्या थव्यातील करडा, मळकट पक्षी बहुधा त्यांचेच पिलू असते. दुसरी, ऋतू. विणीचा हंगाम संपल्यावर कित्येक बदकांचे नर आपली भडक पिसे टाकून मादीसारखे दिसू लागतात. हिवाळ्याच्या आरंभी आलेले काही नर त्याच वेषात असतात. तिसरी, रंगदोष. पिसांतील रंगद्रव्य कमी पडल्यास शुद्ध जातीचा पक्षीही पांढरट दिसतो. मात्र त्याची चोच व बांधा आपल्या जातीचाच राहतो. चौथी, पाळीवपणा. जड शरीर, लोंबते पोट व माणसाची भीती नसणे, ही सुटून आलेल्या पाळीव पक्ष्याची चिन्हे होत. या चारही गोष्टी निकालात निघाल्यावरच संकराचा विचार करावा.

पाहिलेले तत्काळ वहीत टिपावे: दिनांक, स्थळ, चोचीचा रंग, डोक्यावरील खुणा, पायांचा रंग, व शेजारच्या पक्ष्यांच्या मानाने आकार. आधी वर्णन लिहावे, नाव मागाहून. नाव चुकले तरी खरे वर्णन पुढील अभ्यासकास उपयोगी पडते. परंतु वर्णनावाचून लिहिलेले चुकीचे नाव कोणासही दुरुस्त करता येत नाही, व त्या आधारे पुढे काढलेली अनुमानेही चुकतात. निर्णय न झाल्यास "संशयित" एवढेच लिहावे. त्यात कमीपणा नाही.

हंसास दूध व पाणी वेगळे करता येते, अशी आपल्याकडे प्राचीन समजूत आहे. हंस ते करीत असो वा नसो, हंसांचे निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र तो नीरक्षीरविवेक अवश्य साधला पाहिजे.