घोड्याचे लसीकरण, त्याच्या प्रतिक्रिया व सर्पदंशाचे औषध

जालना जिल्ह्यात पावसाळा सुरू झाला, की कपाशी व सोयाबीनच्या शेतांत सर्पदंशाच्या घटना वाढू लागतात. रुग्णास घेऊन आलेले नातेवाईक सर्वप्रथम विचारतात, "सापाची लस आहे का?" औषध सुरू झाल्यावर रुग्णास हुडहुडी भरली किंवा अंगावर गांधी उठल्या, की तेच नातेवाईक घाबरून म्हणतात, "ती लस बंद करा." दोन्ही उद्गार एकाच काळजीपोटी निघालेले असतात. त्यांचे उत्तर शोधताना आपण एका मुक्या प्राण्यापाशी, म्हणजे घोड्यापाशी जाऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात याच विषयाचा अभ्यास मांडला आहे.

लस आणि प्रतिविष

आपण ज्यास 'सापाची लस' म्हणतो, ती शास्त्रीय अर्थाने लस नव्हे. लस शरीरास स्वतःची प्रतिद्रव्ये तयार करावयास शिकविते व त्यासाठी काही आठवडे लागतात. सर्पदंश झालेल्या मनुष्यापाशी तेवढा अवधी नसतो. म्हणून ही प्रतिद्रव्ये दुसऱ्याच्या शरीरात आधी तयार करवून घ्यावी लागतात. बेहरिंग व किटासाटो यांनी १८९० साली धनुर्वात आणि घटसर्प या रोगांच्या बाबतीत हे तत्त्व सिद्ध केले. पुढे त्याच दशकात फ्रान्सच्या काल्मेट यांनी ते सर्पविषास लागू केले.

भारतातील प्रचलित प्रतिविषासाठी नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष घोड्यास अत्यल्प व वाढत्या मात्रेत टोचले जाते. घोड्याच्या रक्तात पुरेशी प्रतिद्रव्ये तयार झाली, की ठरावीक प्रमाणात रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करतात व तो शुद्ध करून औषध सिद्ध होते. तात्पर्य, लस टोचली जाते घोड्यास आणि तिचे फळ मिळते मनुष्यास. महाराष्ट्रात ही परंपरा मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेने जोपासली. १८९६ साली प्लेगसंशोधनासाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेचे हे पुढील रूप होय.

घोड्यास होणारा त्रास

घोड्यास नेहमीची, उदाहरणार्थ धनुर्वाताची, लस दिल्यावर टोचल्या जागी सूज येणे, मान आखडणे, किंचित ताप येणे, एक-दोन दिवस वैरण कमी खाणे या प्रतिक्रिया सर्वसाधारण समजल्या जातात. त्या बहुधा आपोआप शमतात. अशा वेळी जनावरास विश्रांती द्यावी व कामास जुंपू नये. क्वचित प्रसंगी टोचल्या जागी गळू होते. मागच्या पुठ्ठ्यात झालेल्या गळूचा निचरा होणे कठीण असते, म्हणून सुई शक्यतो मानेत देतात. अंगावर गांधी उठणे, तोंड सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसल्यास मात्र पशुवैद्यकास विनाविलंब बोलवावे.

एक गंभीर प्रतिक्रिया विशेष उल्लेखनीय आहे. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यक अर्नोल्ड थायलर यांना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात असे दिसले, की घोड्यांपासून काढलेला रक्तरस टोचलेल्या काही घोड्यांना काही आठवड्यांनी यकृताचा तीव्र विकार होतो. धनुर्वाताच्या प्रतिविषानंतरही असे घडल्याचे पुढे आढळले. त्याचे कारण दीर्घकाळ गूढ राहिले. अखेर २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांना अशा आजारी घोड्यात व त्यास दिलेल्या प्रतिविषात एकच नवा विषाणू सापडला. औषध शुद्ध असणे किती महत्त्वाचे आहे, याचा हा धडा होय.

विषाची मात्रा घेणाऱ्या घोड्यांचे कष्ट याहून अधिक असतात. टोचल्या जागी जखमा होतात आणि वारंवार रक्त काढल्याने रक्तक्षय होऊ शकतो. म्हणून रक्तद्रव काढून घेतल्यावर तांबड्या पेशी त्याच घोड्यास परत देण्याची पद्धत पुरस्कारिली जाते. घोड्याची निगा ही भूतदया तर आहेच, परंतु औषधाच्या गुणवत्तेचाही तो पाया आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथे १९०१ साली 'जिम' नावाच्या घोड्यास धनुर्वात झालेला असता त्याच्या रक्तरसापासून केलेले घटसर्पाचे औषध वापरले गेले आणि १३ बालके दगावली. त्यातूनच पुढील वर्षी तेथे अशा औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला.

मनुष्यास होणारा त्रास

घोड्याचे प्रथिन मनुष्याच्या शरीरास परके असते. त्यामुळे काही रुग्णांना खाज, गांधी, उलटी, थंडीताप, क्वचित दम लागणे वा रक्तदाब उतरणे असे त्रास होतात. प्रतिक्रिया येताच डॉक्टर औषध काही काळ थांबवून ॲड्रेनॅलिन देतात व रुग्ण सावरल्यावर ते पुन्हा सुरू करतात. थांबविणे म्हणजे सोडून देणे नव्हे. प्रतिक्रियेवर उपाय आहे. शरीरात भिनलेल्या विषावर मात्र प्रतिविषावाचून दुसरा उतारा नाही. घरी गेल्यावर आठवडाभराने ताप व सांधेदुखी झाल्यास तीही या औषधाची उशिराची प्रतिक्रिया असू शकते. तेव्हा रुग्णास परत दाखवावे.

जिल्ह्याचे सुपुत्र

भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशावर केलेले कार्य जगन्मान्य आहे. प्राझोसिन या औषधाच्या वापराने त्यांनी असंख्य रुग्ण वाचविले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७० रुग्ण होते. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर सोबत विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण त्याच अवधीत बरे झाले. हे प्रतिविषही घोड्याचेच देणे होय. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली.

समारोप

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. देणगीदारांनी प्रतिविषाच्या कुपीसाठी दिलेला पैसा जितका मोलाचा, तितकाच शेजारी ठेवलेल्या ॲड्रेनॅलिन, प्राणवायू व प्रशिक्षित परिचारिकेसाठी दिलेलाही मोलाचा आहे. नातेवाइकांना एवढीच नम्र विनंती, की मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, दंशाच्या जागी चिरा देऊ नयेत, आवळपट्टी बांधू नये, रुग्णास चालवू नये आणि तडक रुग्णालय गाठावे. औषध सुरू असता अंगावर गांधी उठल्या, तर धीर धरून परिचारिकेस कळवावे. त्या कुपीमागे एका प्राण्याने सोसलेले कष्ट आहेत. ते वाया जाऊ न देणे आपणा सर्वांच्या हाती आहे.