प्रवासाहून आल्यावर ताप आला तर : दिवस मोजायला शिकू या



सुट्टी संपली की आमच्याकडे रजेचे अर्ज येऊ लागतात. त्यांत बहुतेक वेळा एकच वाक्य असते : 'मुलाला व्हायरल ताप आहे.' इंदूरची आपली मराठी घरे सुट्टीत चहूकडे जातात. कोणी कोकणात कुलदैवताला, कोणी पुण्या-मुंबईला, कोणी जगन्नाथपुरीला, तर कोणी हिमाचलात. प्रत्येक ठिकाणचे पाणी, डास आणि किडे निराळे असतात. त्यामुळे तेथून सोबत येणारा तापही निराळा असू शकतो. 'व्हायरल असेल' म्हणून वाट पाहण्यात कधी कधी फार मोलाचा वेळ जातो. या अंकातील पाठ त्यासाठीच आहे.

चार प्रश्न

सुरुवातीच्या दोन दिवसांत सगळे ताप सारखेच दिसतात. अंग दुखते, डोके दुखते, थंडी वाजते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चार प्रश्नांची उत्तरे सोबत न्यावीत. कोठे गेलो होतो? कोणत्या तारखेला गेलो व परतलो, आणि ताप कोणत्या तारखेला चढला? तेथे काय केले, म्हणजे चिखलात चाललो, उघड्यावरचे खाल्ले की गवतात बसलो? तापासोबत आणखी काय होते?

हिवताप (मलेरिया)

याचा ॲनॉफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. चावल्यापासून सात दिवसांच्या आत हा ताप सहसा येत नाही. फाल्सिपेरम जातीचा बहुधा ९ ते १४ दिवसांनी येतो. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात व महिन्यांनंतरही डोके वर काढतात. थंडी, ताप, घाम हा क्रम आपण पुस्तकात वाचतो, पण आरंभी तो दिसेलच असे नाही. फाल्सिपेरम एक-दोन दिवसांत मेंदू व मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून हिवतापाच्या प्रदेशातून आल्यावर ताप आला, तर पहिली तपासणी याचीच. पहिला अहवाल निगेटिव्ह आला आणि ताप उतरला नाही, तर डॉक्टर पुन्हा रक्त तपासतात. त्याला नाही म्हणू नये.

मुलांनी हेही लक्षात ठेवावे : अल्मोडा येथे जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या

डेंग्यूला आपल्याकडे 'हड्डीतोड बुखार' म्हणतात. याचा एडिस डास दिवसा चावतो. ताप बहुधा ४ ते १० दिवसांत येतो, १४ दिवसांनंतर जवळजवळ नाहीच. डोळ्यांमागे दुखते, अंगावर पुरळ येते. खरा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. घरचे म्हणतात, 'चला, ताप गेला', आणि त्याच वेळी पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, गुंगी अशी लक्षणे दिसू लागतात. त्यातले एकही दिसले तर तडक इस्पितळ गाठावे. चिकुनगुन्याही याच डासामुळे होतो. त्यात सांधे इतके धरतात की पेन्सिल पकडणे जड जाते, आणि हे दुखणे महिनोन्महिने राहू शकते.

विषमज्वर (टायफॉइड)

माळव्यात ज्याला मोतीझिरा म्हणतात तोच हा. दूषित पाणी व अन्नातून होतो, बहुधा १ ते ३ आठवड्यांनी. ताप पायरी-पायरीने चढत जातो, पोट बिघडते. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर. केवळ विडाल तपासणीवर विसंबू नये. कल्चरसाठी रक्त प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी द्यावे लागते.

लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस

उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचे जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ ही त्याची चिन्हे. स्क्रब टायफस झाडी-गवतातील बारीक किड्याच्या चाव्याने होतो. हिमाचलच्या डोंगरांत तो आढळतो. चाव्याच्या जागी काळी खपली धरते, पण ती दुखत नाही आणि काखेत किंवा जांघेत लपलेली असते. म्हणून आईने मुलाचे सर्व अंग नीट पाहावे. दोन्ही आजारांवर साधी औषधे आहेत, पण ती वेळेवर सुरू झाली पाहिजेत.

आता गणित

समजा, एक कुटुंब १ नोव्हेंबरला गडचिरोलीकडे पोहोचले व ५ नोव्हेंबरला निघाले. मुलाला २५ नोव्हेंबरला ताप आला. म्हणजे चावल्याला किमान २० दिवस झाले. तेथून आणलेला डेंग्यू यादीतून गेला. हिवताप, विषमज्वर व स्क्रब टायफस उरले. हाच ताप ४ नोव्हेंबरला आला असता, तर तेथला हिवताप बाद झाला असता. मात्र डेंग्यू इंदुरातही होतो. आपल्या घरच्या कूलरमधला डास हिशेबातून सोडू नये.

काय करू नये

ताप डेंग्यूचा नाही असे ठरेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. औषधवाल्याला विचारून प्रतिजैविक सुरू करू नये. आणि व्हायवॅक्ससाठी डॉक्टरांनी दिलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या ताप उतरला म्हणून अर्ध्यावर सोडू नयेत, नाहीतर यकृतातला जंतू परत येतो.

गृहपाठ

१. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा : ठिकाण, जाण्याची तारीख, परतण्याची तारीख. पुढच्या सुट्टीत तो भरा.
२. घरातला कूलर व कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. एडिसची अंडी कोरड्या भांड्यालाही महिनोन्महिने चिकटून राहतात.
३. डेंग्यूत ताप उतरल्यावरच अधिक लक्ष का ठेवावे? तीन वाक्यांत लिहा व घरी वाचून दाखवा.

पालकांना विनंती, यापुढे तापासाठी रजेचा अर्ज लिहिताना मागील एका महिन्यातील प्रवास त्यात नमूद करावा. आम्ही तो वर्गशिक्षकांकडे जपून ठेवू. तेच दोन शब्द डॉक्टरांनाही, त्यांनी न विचारता, आधी सांगावेत.

— प्राचार्य